माझ्या निर्णयावर थोरल्या काकांची हरकत

आमच्या बोरवेढे तालुक्यात माणसाने काय ठरवलं आहे, हे त्याला पोस्टाने कळतं.

यात नवल काही नाही. निर्णय आधी डोक्यात होतो आणि डोक्याच्या मालकाला तो नंतर कळतो, हे आता शिकलेले लोक मान्य करतात. पूर्वी मधला वेळ एखाद्या सेकंदाचा असायचा, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं की आपणच ठरवलं. तालुक्याला निर्णय मापन कार्यालय आलं तेव्हापासून हा वेळ सात ते दहा कामाचे दिवस झाला आहे. मधे दिवाळी आली तर पंधरा.

चहा की कॉफी, दोडका की घेवडा, शेजारच्या बारशाला जायचं की नाही, असे किरकोळ निर्णय दर महिन्याच्या पाच तारखेला साध्या टपालाने एकत्र येतात. शिक्षण, नोकरी, लग्न आणि बांधकाम हे चार विषय रजिस्टर पोस्टाने येतात. पत्र आलं की माणूस सही करून घेतो, वाचतो आणि त्याप्रमाणे वागायला लागतो. त्याआधी कुणी विचारलं तर "अजून आलं नाही" एवढंच सांगायचं असतं.

माझी तक्रार कार्यालयाबद्दल नाही. माझी तक्रार आमच्या घरातल्या ज्येष्ठ मंडळींबद्दल आहे, आणि मुख्यतः थोरल्या काकांबद्दल.

थोरले काका म्हणजे विश्वासराव भोईटे, पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त. रोज दहा ते बारा ते दारात खुर्ची टाकून बसतात आणि घरातल्या सहाही माणसांचं टपाल कुटुंबप्रमुख म्हणून स्वतः सही करून घेतात. माझे पप्पा त्यांचे धाकटे भाऊ. वय चोपन्न. पप्पांनी काय ठरवलंय हे पप्पांना काका सांगतात. पप्पांना यात काही खटकत नाही. खटकतं की नाही हेही एकदा मोजून घ्यावं असं मी सुचवलं होतं, तेव्हा पप्पा म्हणाले, "दादांना विचारतो."

कार्यालयात नवीन माणसाची नोंद होते तेव्हा त्याच्या दोन प्राथमिक चाचण्या घेतात. पहिलीत एक लाडू आज किंवा दोन लाडू पुढच्या गुरुवारी, असं विचारतात. पप्पांनी पुढचा गुरुवार निवडला. पुढच्या गुरुवारी त्यांना पुन्हा तेच विचारलं. त्यांनी पुन्हा पुढचा गुरुवार निवडला. त्यांचे लाडू अजून कार्यालयातच आहेत.

दुसऱ्या चाचणीत दहा पेढे असतात. पलीकडच्या खोलीतला अनोळखी माणूस त्यांची वाटणी करतो. आपल्याला ती मान्य असेल तर दोघं आपापले पेढे घेऊन घरी जातात. मान्य नसेल तर दोघांनाही काही मिळत नाही. काकांच्या वेळच्या माणसाने आठ स्वतःकडे ठेवले आणि दोन काकांना देऊ केले. काका रिकाम्या हाताने घरी आले, आणि निवडणूक जिंकल्यासारखे आले. आजही पाहुणे आले की ते सांगतात, "आठ स्वतःला ठेवतो काय! म्हटलं, बस आता बोंबलत." दोन पेढे मिळत होते ते गेले, हे मी एकदा दाखवून दिलं. काका म्हणाले, "तुला नाही कळायचं ते."

मी अर्थशास्त्रात एम.ए. आहे. न्यूरोइकॉनॉमिक्स हा माझा विशेष विषय होता. म्हणजे माणूस दोन गोष्टींतली एक का निवडतो, हे त्याला न विचारता त्याच्या डोक्याला विचारायचं. त्यामुळे मला कळायचं ते कळतं.

आता मूळ प्रकरणाकडे येते.

विशाखापट्टणमच्या एका संस्थेने माझी दोन वर्षांसाठी निवड केली. तिथल्या बंदरावर सकाळी मासळीचा लिलाव होतो. बोली लावणाऱ्या बहुतेक बायका असतात, आणि वाढवायचं की सोडायचं हे त्या डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवतात. त्यांच्या डोक्यावर जाळीची टोपी घालून ते ठरताना मोजायचं, असं काम होतं. असं काम देशात दुसरीकडे कुठे निघालेलं माझ्या पाहण्यात नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल, असं संस्थेने लिहिलं होतं.

मला जायचं होतं का, हे मी सांगू शकत नव्हते, कारण पत्र आलेलं नव्हतं. बॅग मात्र मी भरून ठेवली होती.

मापनाच्या दिवशी सकाळी आई थालीपिठं लावत होती. मी ताटलीकडे हात केला तेवढ्यात काका दारातून म्हणाले, "ए, ए! तपासणी आहे ना आज?"

"डोक्याची आहे, काका."

"डोक्याची असो नाहीतर रक्ताची. तपासणी उपाशीपोटीच असते. माझी साखर तपासताना बघितलंस ना?"

"कुठे लिहिलंय असं?"

"लिहायला कशाला पाहिजे? सगळ्यांना माहीत असतं."

आई म्हणाली, "भाऊजी, अर्धं तरी खाऊ दे तिला." काका म्हणाले, "मग रिपोर्ट चुकला तर मला सांगायचं नाही." आईने ताटली झाकून ठेवली. आमच्या घरात वाद असाच संपतो. मी साडेसातला उपाशी निघाले. माझा नंबर एक वाजता लागला.

मापन एका बोगद्यासारख्या यंत्रात होतं. आडवं पडायचं, हलायचं नाही, डोळ्यांसमोर दोन चित्रं येतात ती बघायची. दोन्ही पर्यायांचे फोटो अर्जदाराने आणायचे असतात. विशाखापट्टणमचा फोटो मी संस्थेच्या संकेतस्थळावरून छापून आणला होता. पांढरी इमारत आणि मागे समुद्र. घराचा फोटो माझ्याकडे नव्हता, तो काकांनी आपल्या मोबाइलमधून काढून पाठवला होता. स्वयंपाकघराचा होता.

शकील मुजावर हे तिथले तंत्रज्ञ. माणसं कमी असल्यामुळे तेच कारकूनही आहेत. बोगद्यात ढकलताना त्यांनी मला समजावलं, "भुवयांच्या वर, जरा आत, एक जागा असते, ताई. तिला पेढा, नोकरी, नवरा, सगळं एकाच मापात कळतं. जिकडे बघताना ती जास्त उजळली, तिकडे निर्णय."

"माहीत आहे मला. माझा विषय आहे तो."

"मग चांगलंय. पोटातून आवाज येतोय तुमच्या, तेवढा जरा थांबवा. चित्र हलतं."

आठव्या कामाच्या दिवशी, मंगळवारी, पत्र आलं. मी कॉलेजमध्ये दाखला आणायला गेले होते. परत आले तेव्हा काका दारातून उठून आत बसले होते. बारा वाजायच्या आत ते उठले म्हणजे काहीतरी झालं होतं.

"काका, माझं पत्र आलं?"

"आलं."

"मग द्या ना."

"देऊ की. हरकत घेतलीय मी त्याच्यावर."

"काय घेतलीय?"

"हरकत. अर्ज देऊन आलो आत्ताच. शुक्रवारी सुनावणी आहे."

"तुम्ही उघडलंत माझं पत्र?"

"कुटुंबप्रमुखाला उघडता येतं. नियम सहा."

"काय आहे त्यात?"

"ते आता सांगता येत नाही. प्रकरण चालू आहे." काकांनी सदऱ्याच्या आतल्या खिशावर हात ठेवला. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस खिशावर हात ठेवतो तेव्हा खिशातलं काही बाहेर येत नाही.

मी आईकडे गेले. आई म्हणाली, मलाही सांगत नाहीत. पप्पांकडे गेले. पप्पा म्हणाले, "दादांनी काहीतरी विचार करूनच केलं असेल." मी म्हणाले, "पप्पा, पत्र माझं, डोकं माझं, आणि विचार दादांचा?" पप्पांनी बराच वेळ चष्मा पुसला.

तीन दिवस मी काकांशी बोलले नाही. म्हणजे भांडले, पण बोलले नाही. बुधवारी जेवताना ते म्हणाले, "केतकी, एकदा माझं ऐकून घे, पोरी." मी म्हणाले, "तेवीस वर्षं ऐकतेय." ते म्हणाले, "तसं नव्हे गं." मी ताट घेऊन आत गेले. मला सगळं स्पष्ट दिसत होतं. काकांनी पत्र वाचलं, त्यांना ते पटलं नाही, म्हणून त्यांनी हरकत घेतली. काकांना जे पटत नाही ते म्हणजे मुलीने एकटीने परराज्यात जाणं. म्हणजे पत्रात काय असणार हे लहान मुलानेही सांगितलं असतं.

शुक्रवारी, म्हणजे संस्थेच्या मुदतीच्याच दिवशी, सुनावणी अकराची होती. निर्णय अधिकारी नेवसे मॅडम अडीचला आल्या. त्यांचा जेवणाच्या सुट्टीबद्दलचा निर्णय उशिरा पोचला होता.

खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि माझ्या डोक्यावरचा एक पंखा होता. मुजावर नोंद घ्यायला बसले. नेवसे मॅडमनी चष्मा लावला. "हरकतदार कोण?"

काका उभे राहिले. ते घरात कुणासाठी उभे राहत नाहीत. "मी. विश्वासराव भोईटे. अर्जदाराचा थोरला चुलता."

"निर्णयाची प्रत कुठे आहे?"

काकांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पाकीट माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. मी हात पुढे केला. नेवसे मॅडमनी त्यावर पेपरवेट ठेवला.

"अर्जदाराने अजून स्वीकारलेला नाही ना? मग निर्णयाचा मजकूर या खोलीत उच्चारायचा नाही. काका, नुसती कारणं सांगा."

"एकच कारण आहे, मॅडम. मापन उपाशीपोटी झालं."

"उपाशी जायला कोणी सांगितलं? आमचा तसा काही नियम नाही."

काकांनी घसा साफ केला. "मी सांगितलं. मला वाटलं, सगळ्या तपासण्या तशाच असतात. माझी चूक झाली."

तेवीस वर्षांत हे वाक्य मी काकांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. कालव्याचं पाणी एकदा चुकीच्या गावाला गेलं होतं, तेव्हाही ते म्हणाले नव्हते. माझ्या निर्णयाची वाट लावण्यासाठी माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो, हे पाहून मला आश्चर्य वाटलं.

मुजावर म्हणाले, "मॅडम, नोंदीत तसं दिसतंय. दोन चित्रांपैकी एकात खायची वस्तू होती. अर्जदाराची नजर त्या वस्तूवर—"

"माझी नजर कुठे होती हा माझा प्रश्न आहे," मी म्हणाले.

"ताई, मी एवढंच सांगत होतो की भुकेलं डोकं—"

"मॅडम, मला बोलायचंय."

नेवसे मॅडम म्हणाल्या, "बोला."

मी उभी राहिले. मी कॉलेजमध्ये वादविवादाला तीन वर्षं होते. मी म्हणाले की डोकं माझं आहे. ते भरल्या पोटाचं असो की रिकाम्या पोटाचं, ते माझंच असतं. या देशातली निम्मी माणसं उपाशीपोटीच ठरवतात आणि त्यांच्या निर्णयावर कुणाचा चुलता हरकत घेत नाही. मी म्हणाले की ज्येष्ठांना आमची भूक आमचा निर्णय त्यांच्या सोयीचा नसला की मगच आठवते. आज भूक म्हणतील, उद्या झोप म्हणतील, परवा वारं कुठल्या दिशेने होतं ते विचारतील. मी म्हणाले की हरकत पूर्णपणे फेटाळावी, आणि माझ्या या निर्णयात यापुढेही कुठल्याही ज्येष्ठाला ढवळाढवळ करता येणार नाही, असा स्पष्ट आदेश द्यावा.

"तुम्हाला तुमचा निर्णय काय आहे हे माहीत आहे का?" नेवसे मॅडमनी विचारलं.

"नाही. पण माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे."

"पूर्ण?"

"शंभर टक्के. लिहून घ्या."

मुजावरांनी लिहून घेतलं. लिहिताना त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं.

काका अजून उभेच होते. ते म्हणाले, "केते, बाळ, जरा—"

"मॅडम, हरकतदार अर्जदारावर दबाव आणताहेत."

"काका, तुम्ही बसा," नेवसे मॅडम म्हणाल्या. काका बसले.

आदेश लिहून होईपर्यंत चार वाजले, कारण तो तीन प्रतींत लिहायचा असतो. हरकत फेटाळण्यात आली. उपाशी असणे हे निर्णय रद्द करण्याचे कारण होत नाही, असं अर्जदाराने स्वतःच प्रभावीपणे मांडल्याचं त्यात नमूद होतं. ज्येष्ठांनी सदर निर्णयात हस्तक्षेप करू नये, हेही होतं. चार वाजून दहा मिनिटांनी नेवसे मॅडमनी पेपरवेट उचलला आणि पाकीट माझ्यासमोर सरकवलं.

मी ते काकांकडे बघत उघडलं. तसं करायची गरज नव्हती, पण मी केलं.

आत एक ओळ होती. "अर्जदाराने विशाखापट्टणम येथे न जाण्याचे ठरविले आहे. तीव्रता: अति."

सोबत आलेखाचा कागद होता. पांढऱ्या इमारतीच्या चित्राजवळ रेघ थोडी वर गेली होती. स्वयंपाकघराच्या चित्राजवळ ती कागदाच्या वरच्या कडेला टेकली होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: नजर प्रामुख्याने तव्यावरील थालीपिठावर, तदनंतर त्यावरील लोण्यावर.

मी ती ओळ तीनदा वाचली. "हे चुकलंय," मी म्हणाले.

"काय चुकलंय?" नेवसे मॅडमनी विचारलं.

"मला जायचंय."

"तुम्ही न जायचं ठरवलंय."

"मी उपाशी होते!"

नेवसे मॅडमनी आदेशाची पहिली प्रत उचलली, त्यातला दुसरा परिच्छेद बोटाने दाखवला आणि प्रत खाली ठेवली. बाई सज्जन आहेत.

मी काकांकडे वळले. "मी जावं असं तुम्हाला वाटत होतं?"

काका पंख्याकडे बघत होते. "हो, मग? चांगलं काम आहे. मी वाचलं त्यांचं पत्र. कालव्यावर पाण्याची पाळी कोण सोडतो, कोण धरून ठेवतो, हे बघण्यात माझी तीस वर्षं गेली. डोक्यात बघायची सोय आमच्या वेळी नव्हती."

"मग घरी सांगायचं नाही का तसं?"

"प्रकरण चालू असताना कसं सांगणार?" काका खरोखरच चकित झाले. "आणि बुधवारी सांगायला लागलो तर तू ताट घेऊन आत गेलीस."

'मी सांगत होतो' हे शब्द ते म्हणाले नाहीत. त्या शब्दांना लागेल तेवढा वेळ मात्र ते थांबले.

मी नेवसे मॅडमना विचारलं की मलाच हरकत घेता येईल का. स्वतःच्या निर्णयावर स्वतःला हरकत घेता येत नाही, त्या म्हणाल्या, नाहीतर कार्यालयाला दुसरं काम उरणार नाही. फेरमापन? करता येईल, या वेळी जेवून या, पत्र सात ते दहा दिवसांत. घड्याळात चार पंचवीस झाले होते.

मुजावर लिहिता लिहिता थांबले. "मॅडम, टपालाला काकांची सही आहे, पण पोच पुस्तकात ताईंची सही झालेली नाही अजून."

"मग घ्या सही."

"नाही, म्हणजे... नाही झाली तर?"

नेवसे मॅडमनी चष्मा काढला. नियमावली उघडली. पानं उलटली. "सही केली नाही तर पत्र न स्वीकारता परत, असा शेरा बसेल. निर्णय अमलात येणार नाही."

"मग मी सही करत नाही," मी म्हणाले.

"पण मग तुम्हाला निर्णयच नाही. निर्णय नसलेल्या माणसाला तालुक्यात काहीच करता येत नाही. या खोलीतून बाहेर जायचं की नाही हेही."

"काहीतरी तरतूद असेल."

"आहे. नियम चौदा." त्यांनी वाचून दाखवला. "ज्यास निर्णय नाही, त्याने घरातील ज्येष्ठाच्या सांगण्याप्रमाणे वागावे. तसे सांगण्याची विनंती त्याने स्वतः, स्वेच्छेने, स्पष्ट शब्दांत व अधिकाऱ्यासमक्ष करावी."

"पण आत्ताच आदेश झालाय की ज्येष्ठांनी ढवळाढवळ करायची नाही."

"ती निर्णयात. तुमचा निर्णय परत गेला. ज्यात ढवळाढवळ करायची तेच राहिलं नाही."

"दुसरा मार्ग?"

"नाही."

चार पस्तीस. मी पंख्याकडे बघितलं. त्यात काकांना एवढं काय दिसत होतं ते मला कळलं नाही. मग मी काकांसमोर जाऊन उभी राहिले.

"काका, मी काय करू?"

"अं?" काकांनी कानामागे हात धरला. काकांना गल्लीच्या टोकाची पोस्टमनची घंटा ऐकू येते.

"मी काय करू, काका?"

"जरा मोठ्याने. मॅडमना नोंद घ्यायचीय."

"काका! मी! काय! करू!"

"स्वेच्छेने का?" मुजावरांनी विचारलं.

"स्वेच्छेने!"

काका उठले. सदरा खाली ओढून नीट केला. पाणी मागितलं. मुजावरांनी पाणी आणून दिलं. काका ते सावकाश प्यायले. या प्रश्नाची ते किती वर्षं वाट बघत होते ते मला माहीत नाही, पण आता चार मिनिटं जास्त घ्यायला त्यांची काही हरकत दिसली नाही.

"जा," काका म्हणाले.

मुजावरांनी लिहिलं. मी पिशवीतून मोबाइल काढला.

"थांब. माझं झालेलं नाही."

"काका, पाचला बंद होतंय तिथलं!"

"ज्येष्ठाचे सांगणे हे अखंड मानावे," नेवसे मॅडमनी वाचलं. "ते पूर्ण झाल्याशिवाय त्यातील कोणत्याही भागाप्रमाणे वागता येणार नाही."

काकांनी मग पूर्ण सांगितलं. घरातून निघताना पोटभर खाऊन निघायचं. तिथे गेल्यावर कुठलीही तपासणी असो, खाऊन जायचं. गाडीत खिडकीशेजारी बसायचं, पण हात बाहेर काढायचा नाही. रोज संध्याकाळी आठला फोन. फोन आईला करायचा, मग काकांकडे द्यायला सांगायचा. कागदावर सही करण्याआधी कागद दोनदा वाचायचा. वरिष्ठ बोलत असताना मधे बोलायचं नाही, किमान पहिल्या महिन्यात. तिथल्या लोकांची भाषा शिकायची. समुद्राकाठी वारं असतं, त्यामुळे समुद्राकडे जाताना स्वेटर. "स्वेटर, काका?" "स्वेटर." लोकांचं डोकं मोजायच्या आधी त्यांना चहा विचारायचा. मासळी ताजी बघून खायची, डोळे पांढरे असलेली घ्यायची नाही. एकूण सतरा कलमं झाली. सोळाव्याला काका अडले, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, आणि मुजावरांना म्हणाले, "तिथे नुसतं लिहा, जपून राहायचं." सतरावं बॅगेच्या कुलपाबद्दल होतं.

चार वाजून छप्पन्न मिनिटांना नेवसे मॅडमनी शिक्का मारला. सत्तावन्नला मी होकार पाठवला. अठ्ठावन्नला संस्थेकडून पोच आली. काका खुर्चीवर बसले आणि उरलेलं पाणी प्यायले.

"आता तरी खाल्लंस का काही?" त्यांनी विचारलं.

"सकाळपासून नाही."

"मग चल ना. दुसरं कलम आहे का पहिलं?"

"पहिलं जा आहे," मुजावर म्हणाले. "खायचं दुसरं."

"मग हे आधी," काका म्हणाले. आम्ही कार्यालयासमोरच्या गाड्यावर उभ्या उभ्या दोन-दोन वडे खाल्ले. ते चार वडे होते आणि काकांनी वाटणी सारखी केली.

विशाखापट्टणमला येऊन मला आता आठ महिने झाले. इथे पत्र येत नाही. बाई बोली लावते आणि लगेच तिला कळतं की तिने बोली लावली. सुरुवातीला मला ते घाईचं वाटलं, आता सवय झाली आहे. मी पहाटे बंदरावर जाते, बायकांना चहा विचारते, टोप्या घालते आणि रेघा कशा वर जातात ते बघते. आठचा फोन एकदाही चुकलेला नाही. नववं कलमही मी पाळते, कारण सांगणं अखंड आहे.

परवा तेहतीस अंश होते. पोलम्मा नावाची एक बाई तीस वर्षं लिलावात आहे. टोपी घालून घेताना तिने माझ्या स्वेटरची बाही दोन बोटांत धरून बघितली.

"थंडी वाजते?" तिने तिच्या हिंदीत विचारलं.

"नाही."

"मग?"

"काकांनी सांगितलंय."

"बरं," पोलम्मा म्हणाली, आणि समोर आलेल्या सुरमईच्या टोपलीवर तिने बोली वाढवली.